पाय लागल्याचा हात

"मान खाली घाल," मी दमदिनला म्हटलं. "आणि मफलर वर ओढ."

त्याने मुकाट्याने ओढला. आता त्याचे फक्त डोळे दिसत होते आणि भुवयांवर गोठलेला श्वास. एवढ्या थंडीत पाण्याच्या रांगेतला प्रत्येकजण असाच दिसतो, नुसतं गाठोडं. मला तेच हवं होतं. कारण रांगेत सगळ्यांत पुढे, पाणी मिळतं त्या खिडकीपाशी, योन्दोन उभा होता.

तो एरवी संध्याकाळी येतो. म्हणून तर मी सकाळची वेळ धरली होती. माझं मनगट बर्फावर घसरून मोडलं नसतं, तर दमदिनला बाहेर काढलंच नसतं. तुरुंगातून सुटून आल्यापासून तो कुंपणाच्या आतच होता. कोळसा फोडायचा, चूल झाडायची, आणि आमच्या कुत्र्याचं भुंकणं ऐकायचं. कुत्रं मी तो आत असताना पाळलं. त्याच्या लेखी मालक कोण, तर मी. हा कोण परका माणूस घरात येऊन बसलाय, हे त्याला अजून पटलेलं नाही. संडासाला जाऊन परत येताना सुद्धा दमदिनला स्वतःच्या दारात पाहुण्यासारखं ओरडावं लागतं, "कुत्रं धर गं!" पहिल्यांदा मी हसले होते. मग नाही हसले.

पण पाणी संपलं. डबा दोनचाकी गाडीवर घालून चढावर ओढत न्यायचा, तर दोन धड हात लागतात.

"हलतोय तो," दमदिन पुटपुटला.

"तू हलू नकोस."

कोर्टातून बाहेर पडताना योन्दोन मला एकच वाक्य बोलला होता. "तो सुटून येईल तेव्हा मी इथंच असेन." आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. त्याचा धाकटा भाऊ ओचिर रस्त्याच्या कडेला मोटरसायकलचं चाक काढत बसला होता आणि माझ्या नवऱ्याने, या दमदिनने, दारूच्या नशेत कोळशाचा ट्रक त्याच्यावर घातला, तो जागीच गेला. योन्दोनने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवी माणूस विसरतो. ते वाक्य घेऊन मी सहा वर्षं झोपले आणि उठले. रस्त्यात तो दिसला की मी वाट बदलायची. त्याने कधी माझ्याकडे मान वळवली नाही.

"काय गं सेवजिद, हात मोडलाय तरी आलीस होय?" खिडकीतून पगमामावशी ओरडली. पाणी सोडणारी ही बाई, तिचं तोंड नळापेक्षा जास्त चालतं. "आणि हा कोण मजूर पकडून आणलास?"

मी ऐकलं न ऐकलं केलं. मावशीच्या जिभेला हाड नाही, पण निदान योन्दोनने वळून पाहिलं नाही. त्याचा डबा भरला होता. त्याने झाकण घट्ट केलं आणि गाडी ओढत, उलट्या पावलांनी, रांगेच्या कडेकडेने यायला लागला. खिडकीपुढे सांडलेल्या पाण्याचा बर्फ झालेला असतो. तिथून भरलेली गाडी सगळे तशीच काढतात, पाठ करून. आणखी चार पावलं, मग तो उतार, मग सुटलो.

त्याचा बूट घसरला. तोल सावरताना त्याची टाच दमदिनच्या पायावर पडली.

पाय लागला की हात पुढे करायचा, हे आमच्याकडे पोर चालायला लागतं तेव्हाच शिकवतात. विचार करावा लागत नाही. हात मिळाला की गोष्ट संपली, नाही मिळाला तर वैर राहिलं. योन्दोनने एका हाताने गाडी धरून ठेवली आणि दुसरा, मान न वळवता, पाठीमागे धरला.

घे, मी मनात म्हणत होते. घे रे बाबा. हातमोजा आहे, तोंड झाकलेलं आहे, कोणाला कळतंय. घे आणि त्याला जाऊ दे.

दमदिनने त्या हाताकडे पाहिलं. मग त्याने मफलर हनुवटीखाली ओढला.

"योन्दोनदादा," तो म्हणाला, "मी दमदिन आहे. कोणाला हात देताय ते बघून द्या."

पगमामावशीच्या नळाखाली कोणाचा तरी डबा भरून वाहत होता आणि कोणी ओरडत नव्हतं. योन्दोन वळला. त्याने माझ्या नवऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. हात अजून तसाच, अधांतरी. मग तो हात त्याने परत नेला, गाडीच्या दांडीवर ठेवला, आणि निघून गेला.

डबा भरून घेऊन घरी आलो. गेरमध्ये, आमच्या लोकरीच्या गोल तंबूत, शिरून दार लावलं आणि मग तोंड सोडलं.

"काय गरज होती? मोठा सत्यवादी! मी इथं एकटीने दिवस काढले. दारात गाडी थांबली तरी पाचावर धारण बसायची माझी. आणि तू स्वतः होऊन नाव सांगतोस?"

"फसवून घेतलेला हात काय कामाचा?"

"जिवंत राहिलो असतो, एवढ्या कामाचा."

तो चुलीत कोळसा घालत राहिला. "सेवजिद, मी आत असताना सगळ्यात जास्त त्याच दिवसाला घाबरायचो. कधी समोर येईल, कसा येईल. आज आला. आता मला परत तोंड झाकून त्याची वाट बघता येणार नाही."

"मला घाबरायला नवीन दिवस दिलास तू."

मी पेटी उघडली आणि डाव्या हाताने कपडे कोंबायला लागले. माझ्या बहिणीकडे, दुसऱ्या शहरात, उजेड आहे तोवर निघायचं. हा म्हणाला, "तू जा. मी नाही येत." मला रडू फुटलं. भीतीने की रागाने, देव जाणे. याला टाकून मी जाणार नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि मलाही. तरी कपडे कोंबत राहिले.

ऊन कलंडायच्या सुमाराला कुत्रं पेटलं. साखळी तुटते की काय असं भुंकत होतं. आणि फाटकाबाहेरून आवाज आला.

"कुत्रं धरा!"

तो आवाज मी कुठेही ओळखला असता.

मारायला आलेला माणूस कुत्रं धरा म्हणून ओरडत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी कोळसा फोडायचा हातोडा उचलला आणि चुलीमागे उभी राहिले. "जाऊ नकोस," मी म्हटलं. दमदिन तोवर बाहेर गेला होता. कुत्रं त्या दोघांवरही सारखंच भुंकत होतं. दमदिनने कुत्र्याचं मानगूट धरलं असावं, कारण पावलं दाराकडे आली.

योन्दोन वाकून आत आला. उंबऱ्याला पाय न लावता, नीट. पाहुणे बसतात त्या बाजूला गेला नाही, दारापाशीच उभा राहिला. जवळून पाहिला तेव्हा कळलं, किती म्हातारा झालाय. त्याने माझ्या हातातला हातोडा पाहिला.

"ठेव तो खाली, सेवजिद."

माझ्या हातून तो खाली गेला. ठेवला की पडला, आठवत नाही.

दमदिन त्याच्यामागून आत आला. गुडघ्याला बर्फ, मनगटावर कुत्र्याचा ओरखडा.

"पायाचं राहिलं," योन्दोन म्हणाला. "दिवसभर काम सुचेना. शेवटी आईला सांगितलं."

ओचिरची आई. ती कोर्टात आली नव्हती, तिला आणलंच नव्हतं.

"ती म्हणाली, पाय तुझा लागला, तर हात तुलाच द्यायला हवा. समोर कोणी का असेना. मग भिंतीकडे तोंड करून पडली."

त्याने हातमोजा काढला. बाही मनगटापर्यंत खाली ओढली, वडीलधाऱ्यापुढे ओढतात तशी, आणि हात पुढे केला. या वेळी डोळे उघडे ठेवून.

दमदिनने डावा हात उजव्या कोपराखाली धरला, मान देताना धरतात तसा, आणि तो हात घेतला.

"हे पायाचं," योन्दोन म्हणाला. "ओचिरचं नाही. त्याच्यासाठी माझ्याकडे हात नाही. कधी मागू नकोस."

"नाही मागणार."

हात सुटले. मला काय करावं सुचेना, म्हणून मी चहा ओतला. डाव्या हाताने दिला, तो अपमान होतो, पण त्याने माझं प्लास्टर पाहिलं आणि वाटी घेतली. एकच घोट प्यायला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्ही म्हणाला होतात, तो सुटेल तेव्हा मी इथंच असेन."

"आहेच की." त्याने वाटी खाली ठेवली. "रोज सकाळी रांगेत दिसेन. मला त्याचं तोंड बघावं लागेल, त्याला माझं. ते सोसत असेल तर राहू दे."

तो गेला. कुत्रं पुन्हा भुंकलं, मग थांबलं. वाटी जवळजवळ भरलेलीच होती. वर साय धरली तरी दमदिनने ती मला उचलू दिली नाही. माझे कपडे अर्धे पेटीत, अर्धे बाहेर, तसेच पडून होते.

सकाळी जाग आली तर गाडी आणि डबा जागेवर नव्हते. भीती गेली असं मी म्हणणार नाही. उठून बसले आणि तो परत येईपर्यंत दाराकडेच बघत राहिले. फाटकापाशी कुत्रं भुंकलं, "कुत्रं धर गं!" ऐकू आलं, आणि मी अनवाणीच धावले.

भरलेली गाडी ओढत तो आत आला. गाल पांढरे पडले होते, नाकाच्या शेंड्यावर थंडीने भाजल्याचा डाग.

"होता?" मी विचारलं.

"होता."

"बोलला?"

"नाही."

"आणि हे तोंडाचं काय करून घेतलंस? अशा थंडीत मफलर घालायला काय झालं होतं?"

तो डबा उतरवायला लागला. मी आत येऊन पाहिलं. मफलर खिळ्यावर होता, काल मी वाळत टाकला होता तसाच.