घाटघरची कॅसेट

मित्रांनो, कळंबच्या राजरत्नच्या घरात फळीवर धूळ खात पडलेला तो दोन कॅसेटींचा जुना टेपरेकॉर्डर म्हणजे मी. मला गाण्याची आवड आहे का, असं मात्र विचारू नका. एकच गाणं तीन गावांत कसं रंगलं, हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

राजरत्नचे वडील भागुजी यांची गायन पार्टी जुनी आणि नावाजलेली. भीमजयंती आली की गावोगावचं बोलावणं यायचं. गाणं तेच, पण भागुजी दरवेळी सुचेल तशी नवी ओळ जोडायचे आणि ढोलकीही तिथंच नवं वळण घ्यायची. कळंब, आणे आणि घाटघर इथल्या कॅसेटी मीच स्टेजजवळ बसून भरल्या.

मग सुरू झाला माझा छळ. राजरत्न आणि त्याचा चुलतभाऊ नवनाथ रोज मला घेऊन बसायचे.

"आण्याची ढोलकी ऐक, राव! लई गोड पडलीय."

"पण आवाज कळंबचाच. घाटघरला तर निस्ता जनरेटर गातोय!"

मागं घे, पुढं ने, पुन्हा लाव. माझा पट्टा सैल झाला, पण निकाल काही लागेना. भागुजी मध्येच थांबून बक्षीस देणाऱ्यांची नावं पुकारायचे. ती आली की या दोघांचं बोट पुढं पळवायच्या बटणावर. अरे, एकदा तरी पुरतं ऐका! पण यंत्राचं कोण ऐकतो?

घाटघरची कॅसेट पुरती ऐकायची ती एकटी शकुबाई, भागुजींची बायको. दुपारी तांदूळ निवडताना ती तीच लावायची. त्या कॅसेटवर कोणी दुसरं काही भरू नये म्हणून भागुजींनी तिच्या पाठीवरचे प्लास्टिकचे तुकडे सुरीनं मोडून ठेवले होते.

दोन हजार तीन साली भागुजी गेले. पुण्यानुमोदनाला, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, त्यांचंच गाणं लावायचं ठरलं आणि दोघांनी अक्कल पाजळली. आणे आणि कळंबचं चांगलं तेवढं जोडायचं, नावं गाळायची. घरात कोरी कॅसेट नव्हती आणि मंचरला जायचा यांना कंटाळा. नवनाथनं घाटघरची उचलली, मोडलेल्या खाचांवर चिकटपट्टी लावली आणि माझं लाल बटण दाबलं. मी अडखळलो, घरघरलो. त्यानं मलाच थापट मारली.

कार्यक्रमात सगळ्यांनी वाखाणणी केली. माणसं पांगल्यावर शकुबाई माझ्यापुढं बसली. "राजरत्ना, आता घाटघरची लाव."

"आई, तिच्यावरच हे भरलंय. तिच्यात काय व्हतं? निस्ती घरघर."

शकुबाई म्हणाली, "तुज्या बापानं जल्मात माझं नाव घेतलं न्हाई. 'अगं, ऐकलं का,' यवढंच. घाटघरला बायांनी ढकललं म्हनून मी बक्षीस द्याया गेले. तवा त्यांनी समद्यांदेखत माइकवर 'शकुबाई' म्हनून पुकारलं, वर त्या नावाची ओळ जोडून गायले. लई लाजले व्हते मी."

राजरत्ननं कॅसेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत धुंडाळली. नवनाथनं ती चिकटपट्टी ओरबाडून काढली. आता काढून काय उपयोग!

मित्रांनो, कोणी जपून ठेवलेलं पुसायच्या आधी घरातल्या माणसांना एकदा विचारा. माझा राग अजून गेलेला नाही. भागुजींचं गाणं पार्टीतली पोरं आजही म्हणतात. पण शकुबाईचं नाव त्या आवाजात आता कोण घेणार?