भर दुपारची बाज

निलमनं भर दुपारी गोठ्याच्या सावलीत बाज टाकली, तोंडावर पदर ओढला आणि ती खुशाल झोपली. त्या दिवशी तांड्यात जी बोंब उठली, ती कुणाच्या घरात चोर शिरला असता तरी उठली नसती. दुपारी झोपत कोण नाही? म्हातारे झोपतात, लेकरं झोपतात, बैलसुद्धा बसल्या जागी डोळे मिटतो. पत्ते कुटून आलेला पुरुष तर ताणून देतो आणि त्याच्या अंगावरच्या माश्या त्याची बायको हाकलते. पण धडधाकट सून? तेही ऐन कापूस वेचणीत?

शेजारची चंदाबाई हातातलं राखेचं भांडं तसंच घेऊन कुडापाशी आली.

"मोतीबाई, सून आजारी हाय का तुझी?"

"आजारी कशाची? चांगल्या दोन भाकरी खाऊन पडली."

"मग काहून झोपली?"

"अवदसा आठवली, दुसरं काय!" मोतीबाई सून ऐकेल एवढ्या मोठ्यानं म्हणाली.

पदराच्या आतून निलमचा आवाज आला, "आत्ताच डोळा लागला होता याडी. तुमी उठवलं. आता पुन्हा पहिल्यापासून झोपावं लागंल." सासूला ती याडीच म्हणायची, आईला म्हणतात तसं. आणि कूस बदलून ती खरंच पुन्हा झोपली. तिचं हे असंच होतं. भांडायला आवाज चढवायची नाही, पण जागची हलायचीही नाही.

पुसेगावच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून आत, असा हा बंजाऱ्यांचा तांडा. निलम आश्रमशाळेतून दहावी झालेली, वर्गात पहिल्या तिघांत. सोयरीक ठरली आणि सगळ्यांनी गूळ खाल्ला, त्या दिवशी मोतीबाईनं चारचौघांत शब्द दिला होता, "पोरगी शिकते म्हणती तर शिकू देऊ." नवरा दिपक सेनगाव-हिंगोली रस्त्यावर जीप चालवायचा. स्वभावानं गरीब. आई म्हणेल ते खरं, आणि बायको म्हणेल तेही खरं. सासरा नव्हता. म्हणजे घरात सगळं मोतीबाईचं चाले.

मोतीबाईनं शब्द मोडला असं कुणी म्हणू शकलं नसतं. निलमनं बाहेरून बारावीला बसायचा फॉर्म भरला तेव्हाही ती म्हणाली, "शिक की. कोण नको म्हणतं? पण कामं उरकून शिक." आता मला सांगा, सुनेची कामं कधी उरकतात? हापशावरून पाणी, शेण, भाकरी, शेत, कापूस, पुन्हा पाणी, पुन्हा भाकरी. रात्री सगळं आटोपून पुस्तक उघडावं तर लाईट गेलेली. ती यायची तांडा झोपल्यावर. त्या वेळेपर्यंत निलमच्या मानेचा काटा ढिला झालेला असायचा.

"कामं उरकून म्हणजे कवा?" तिनं एकदा दिपकला विचारलं. "मेल्यावर?"

दुसऱ्या दिवशी दिपकनं तिची समजूत म्हणून सेनगावच्या बाजारातून भजी आणली. त्या भज्यांचा कागद होता कुठल्याशा वर्तमानपत्राच्या पुरवणीचा. तेलानं आरपार झालेला. निलमला छापलेलं काही दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नसे. त्यात लिहिलं होतं, की जगातली काही मोठी माणसं झोप एकगठ्ठा घेत नाहीत, तुकड्या-तुकड्यानं घेतात. मधे थोडा वेळ डोळे मिटून, श्वासाकडे लक्ष देऊन स्वस्थ बसतात. त्यानं डोकं ताजं राहतं आणि माणूस दुप्पट काम करतो. तुकडे केव्हाचे आणि केवढे, ते पुढे असणार. पण पुढचा भाग दुसऱ्या कुणाच्या भज्यांना गेला होता.

निलमनं विचार केला, मोठ्या माणसांना तरी कुणी सांगितलं असेल? त्यांनी करून पाहिलं, आपणही करून पाहू. दिवेलागणीनंतर जेवणं झाली की झोपायचं. लाईट आली की उठून अभ्यास करायचा. पहाटे पुन्हा थोडं पडायचं. आणि राहिलेला तुकडा दुपारचा.

पहिले काही दिवस तिची नुसती दैना झाली. डाळीत मीठ दोनदा पडलं. कापूस वेचता वेचता ती ओळीत उभ्या उभ्या झोपली आणि पुढच्या बाईच्या पाठीवर जाऊन आदळली. म्हशीखाली बसली तर म्हशीच्या पोटालाच डोकं टेकून घोरायला लागली, आणि म्हैस बिचारी समजूतदार, हलली नाही. दिपक म्हणाला, "सोड हे येड." ती म्हणाली, "थोडं थांब, अंगवळणी पडून राहिलं." आणि पडलंही. अंग शहाणं असतं, शिकवलं तर शिकतं. हळूहळू बाजेवर पाठ टेकली की झोप, आणि ठरल्या वेळी आपोआप जाग. वेचणीत इतर बायकांच्या बरोबरीनं तिचा कापूस भरायला लागला. पुस्तकातलं वाचलेलं सकाळी दळताना जसंच्या तसं आठवायला लागलं. तिला स्वतःचा असा अभिमान वाटला, की दहावीच्या निकालालाही वाटला नव्हता.

पण कापूस कुणी मोजला नाही. सगळ्यांनी बाज तेवढी पाहिली.

"रातभर मी जागते तवा बघायला कोणी येत न्हाई," ती चंदाबाईला तोंडावर म्हणाली, "अन् दुपारी घडीभर पडले की सारा तांडा कुडापाशी."

"बाई मान्सानं दुपारी पडू नाही. घरातली लक्षुमी जाती."

"मग तिला म्हणावं, जाताना माझी बाज हलवू नको."

राहिलं होतं ते ध्यान. श्वासाकडे लक्ष देऊन स्वस्थ बसायचं, पण बसायचं कुठं? घर एका खोलीचं, पुढे पडवी. निलम कुठंही बसली की हाक यायची. सगळ्या तांड्यात अशी एकच जागा होती, जिथं बसलेल्या बाईला कुणी 'ऊठ, शेण काढ' म्हणत नसे. लिंबाखालचा जगदंबेचा चौथरा. निलमनं ती जागा हेरली. आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

एका मंगळवारी संध्याकाळी ती डोक्यावरून अंघोळ करून, ओले केस मोकळे सोडून चौथऱ्यापाशी बसली. डोळे मिटले. श्वास आत, श्वास बाहेर. पण दिवसभर वेचणी झालेली, आणि झोपेचा संध्याकाळचा तुकडा अजून यायचा होता. तिला पेंग यायला लागली. अंग पुढे जायचं, सावरायचं, मागे यायचं, पुन्हा पुढे. झोप उडावी म्हणून ती इंग्रजीची क्रियापदं पुटपुटायला लागली.

चंदाबाई दिवा लावायला आली आणि जागीच थिजली. मोकळे केस, मिटलेले डोळे, घुमणारं अंग, आणि तोंडात कुणाला न कळणारी भाषा. चंदाबाईनं हातातला दिवा खाली ठेवला आणि लोटांगणच घातलं.

"आई आली! मोतीबाई, धाव! तुझ्या सुनेच्या अंगात आई आली!"

निलम दचकून जागी झाली तोवर कपाळाला हळदीकुंकू लागलं होतं आणि समोर मोतीबाई हात जोडून उभी होती. लग्न झाल्यापासून सासूचे जोडलेले हात तिनं पहिल्यांदा पाहिले. "मला झोप लागली व्हती," ती म्हणाली. "व्हय व्हय," मोतीबाई म्हणाली, "आई गेल्यावर मान्साला काही आठवत न्हाई."

निलम पुन्हा सांगणार होती. खरंच सांगणार होती. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं बाज टाकायला घेतली, तर मोतीबाईनं तिच्या हातातून ती काढून घेतली आणि स्वतः टाकली. वर धुतलेली गोधडी अंथरली. कुडापाशी पोरं गलका करत होती त्यांच्यावर खेकसली, "चूप! आई थकली हाय." पाणी भरायला मोतीबाई गेली. शेण मोतीबाईनं काढलं. निलम आभाळाकडे बघत पडून राहिली आणि मनाशी म्हणाली, परीक्षेपर्यंत. तेवढंच.

अभ्यास असा झाला की विचारू नका. दर मंगळवारी बायका नारळ घेऊन यायच्या आणि चौथऱ्यापाशी बसायच्या. निलम गप्प राहायची. गप्प राहिलं तरी लोकांना उत्तर मिळायचं. हरवलेली शेळी सापडली तरी आईनं दिली, आणि नाही सापडली तरी आईनं नेली. निलमला रात्री पुस्तकापुढे बसल्यावर अपराधी वाटायचं, आणि त्याहून जास्त राग यायचा. तीच बाज, तीच दुपार, तीच बाई. निलम झोपली तर अवदसा, देवी झोपली तर गोधडी!

परीक्षा तोंडावर आली. केंद्र सेनगावचं. निलमनं घरात विषय काढला आणि मोतीबाईनं दोन्ही हात कानांवर ठेवले.

"आता कशाची परीक्षा? आईचं ठाणं हाय तुझ्यात. गड्यामान्सांच्या मांडीला मांडी लावून जीपमधी बसशील? भलत्याच्या हातचं पाणी पिशील? आईचा कोप व्हईल. तांड्याबाहेर पाय टाकायचा न्हाई."

सुनेला निदान 'कामं उरकून' जाता येत होतं. देवीला कुठंच जाता येत नव्हतं.

दिपकनं त्याच्या बुद्धीप्रमाणे वाट काढली. "मंगळवारी तांड्याच्या नाईकांना बोलावतो," तो हळूच म्हणाला. "ते तुझ्या अंगातल्या आईला विचारतील, निलमला परीक्षेला जाऊ द्यावं का? तू घुम थोडी अन् म्हण, जाऊ द्या. आईचा शब्द कोण मोडतं? झालं बराबर."

वाट सोपी होती. इतकी सोपी की निलमला त्या रात्री झोपेचा एकही तुकडा नीट मिळाला नाही.

मंगळवारी सगळा तांडा लिंबाखाली जमला. तांड्याचे नाईक मोहनसिंग, पागोटं सारखं करत, पुढे बसले. मोतीबाईनं ऊद लावला. निलमचे केस मोकळे होते, तेही सासूनंच सोडले होते. मोहनसिंगांनी हात जोडले. "आई, तुझ्या या झाडानं, या निलमनं, परीक्षेला जावं का न्हाई? तू सांग."

निलमनं डोळे मिटले. दिपकनं मान हलवून तिला खूण केली, पण ती तिला दिसली नाही.

मग तिनं डोळे उघडले. दोन्ही हात मागे नेले, केस गोळा केले आणि घट्ट अंबाडा बांधला.

"आई न्हाई," ती म्हणाली. "कवाच आली न्हवती. मला पेंग आली व्हती. मी निलम बोलून राहिले. मी परीक्षेला जाणार हाय."

एकदम कालवा उठला. चंदाबाई ओरडली, "अन् माझा नारळ?" कुणी हसलं, कुणी शिवी दिली. मोहनसिंगांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"पोरी, तांड्याला फसवलं तू. नाक घास चौथऱ्याला अन् साऱ्यांची माफी माग."

निलम उठली. चौथऱ्यावर तिनं डोकं टेकलं. मग वळली.

"आईची माफी मागितली. तिच्या नावावर झोपले, ती माझी चूक. तुमची न्हाई मागणार. मी पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं, झोप लागली म्हणून. तुमाला खरं वाटलं न्हाई. आज 'जाऊ द्या' असं आईच्या तोंडानं म्हणले असते तर तुमीच मला जीपपर्यंत वाजत नेलं असतं. मग माझ्या तोंडानं म्हणले तर काय बिघडलं?"

उत्तर नसलं की मोठी माणसं करतात तेच मोहनसिंगांनी केलं, पागोटं झटकून उठून गेले.

घरी मोतीबाई चुलीपाशी पाठ करून बसली. निलमला वाटलं, आता शिव्या येतील. पण मोतीबाई बोलली ते वेगळंच.

"मला बी झोप येत व्हती. लगीन झालं तवापासून रोज दुपारी येती. बाळंतपणात येत व्हती, वेचणीत येत व्हती. माझ्या अंगात आई आली, असं कोणी म्हणलं न्हाई. मी कवा पडले न्हाई."

निलम तिच्या शेजारी बसली. जे मनात होतं तेच म्हणाली, "मग काहून न्हाई पडल्या, याडी?"

मोतीबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्यानंतर ती सुनेशी बोलेना. पाणी, शेण, भाकरी, सगळं पुन्हा निलमकडे आलं. गोधडी पेटीत गेली. निलमनं बाज मात्र सोडली नाही. उलट गोठ्याच्या सावलीतून काढून ती अंगणात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी टाकली.

पहिल्या पेपरच्या दिवशी दिपक म्हणाला, "मी नेत न्हाई बाई, जीपमधले लोक हसतात." "हसू दे," ती म्हणाली, आणि चालत फाट्यावर गेली. एस.टी.त उभी राहून सेनगावला पोचली. पेपर इंग्रजीचा. क्रियापदं सगळी आली.

ती परतली तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. मोतीबाई दारात बसली होती. निलम पाणी प्यायली, तिनं बाज टाकली आणि पाठ टेकताच ती झोपली.

थोड्या वेळानं चंदाबाई कुडापाशी आली. नारळाचा राग अजून गेला नव्हता. मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "काय गं मोतीबाई, आई झोपली वाटतं?"

मोतीबाई उठली. तिनं पेटीतली धुतलेली गोधडी काढली, बाहेर आणली आणि बाजेवर नव्हे, बाजेच्या शेजारी जमिनीवर अंथरली.

"आई न्हाई," ती म्हणाली. "माझी सून झोपली. परीक्षा देऊन आली. हळू बोल."

मग चंदाबाईच्या देखत ती त्या गोधडीवर आडवी झाली आणि तिनं तोंडावर पदर ओढून घेतला.

"अन् मी बी झोपून राहिले. कोणाला सांगायचं त्याला सांग जा."