नागाचा तिसरा वार

गेममधल्या शेवटच्या नागाने मला आठ दिवस छळलं. पहिले दोन वार तो फणा उचलून करतो, तिसऱ्याआधी नुसती शेपटी हलवतो. तेव्हा मागे पळायचं नाही, सरळ त्याच्या पोटाखाली घुसायचं. हे कळेपर्यंत मी चाळीस वेळा मेले.

आज त्याच्यात एका फटक्याचा जीव उरला आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली. गेम थांबवून मी गॅस बंद करायला गेले. परत आले तर नवरा माझा कंट्रोलर हातात घेऊन फोनवर बहिणीला सांगत होता, "ताई, एका फटक्यात लोळवला. हिला आठ दिवस जमत नव्हतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन हिसकावला.

"ताई, नाग मेला. आयत्या बिळावरचा नागोबा अजून सोफ्यावर बसलाय."