केंद्राच्या गच्चीवरचं ऊन

सावनेर रस्त्यावरच्या त्या गावात आरोग्य केंद्राच्या गच्चीवर सौर पॅनेल बसले, खाली बॅटरी बसली, आणि आता लाइन गेली तरी लसींचा फ्रिज बंद पडणार नाही, असं सगळ्यांनी हार-नारळासकट ठरवून टाकलं. फ्रिजला मात्र कुणी विचारलं नव्हतं. रात्री लाइन गेली की पहाटेच्या आत बॅटरी मान टाकायची.

वरून निरोप आला, आठवडाभरात बॅटरीने रात्र काढली नाही तर फ्रिज सावनेरला हलवू. नर्स वंदनाने कंबर कसली. फ्रिज गेला म्हणजे मेच्या उन्हात लेकरं काखेला मारून बायांनी सावनेर गाठायचं. अर्ध्या जाणारच नाहीत हे तिला ठाऊक होतं. कोण कोण, तेही.

पहिला संशय डॉक्टरांच्या कूलरवर गेला. वंदनाने त्याचा प्लगच काढला.

"सिस्टर, उकडून मारून राहिल्या तुम्ही मले!"

"साहेब, तुम्ही गेले त दुसरे डॉक्टर येतीन. फ्रिज गेला त येत नाई."

कूलर बंद झाला, डॉक्टर वाळले, बॅटरी तशीच. मग पॅनेल बसवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसातून पियुष आला, संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. ऑफिसातली माणसं त्याच वेळेला येतात. गच्ची पाहून उतरला नि म्हणाला, "मॅडम, बॅटरी चांगली आहे. पण दिवसा तिचं पोटच भरत नाही. कुणीतरी ऊन खातंय."

"ऊन कोन खाईन गा?"

"तेच कळेना. गच्ची तर साफ आहे."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी वंदना मागच्या लोखंडी जिन्याने वर चढली आणि कठड्यापाशीच थबकली. पॅनेलवर या टोकापासून त्या टोकापर्यंत जुन्या साड्या, कोपरे सांगाड्याला बांधलेले, आणि वर कुरडयाच कुरडया. मधोमध तिचीच मोरपंखी साडी. टाकीच्या सावलीत सासूबाई, मनकर्णाबाई, गल्लीतल्या बायांसोबत कावळे हाकत बसल्या होत्या.

"आई, हे काय करून राहिल्या?"

"दिसत नाई का वं? दरसाल इथंच वाळवतो. यंदा तुमच्या लोकायनं गच्ची काचेनं भरली. पण काच गुणाची हाय हो, एका दिवसात कुरडई कडक! सांजेले वारं सुटायच्या आत उचलतो."

"हेच ऊन फ्रिजले पायजे, आई."

"थंड कराले ऊन? सासूले शिकवते का?"

बाया खिदळल्या. वंदना वाद घालत बसली नाही. तिने मोरपंखी साडीच्या गाठीला हात घातला. दुसरीची साडी आधी सोडली असती तर गल्लीभर उद्धार झाला असता; घरच्या साडीपासून सुरुवात केली तर फक्त घरात होईल. ओल्या कुरडया मोडल्या.

"माया कुरडया!" मनकर्णाबाई ओरडल्या.

"पार्वतीबाई," वंदना गाठ सोडता सोडता म्हणाली, "तुमच्या नातीची लस याच फ्रिजात हाय. की सावनेरले नेता तिले, या उन्हात?"

पार्वतीबाईंनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. मग उठून स्वतःच्या साडीची गाठ सोडायला लागल्या. त्यांच्यामागून बाकीच्या.

वाळवणाला जागा देणंही भाग होतं. वंदनाने अडगळीतल्या मोडक्या खाटा काढून अंगणात मांडल्या. एक खाट स्वतः डॉक्टरांनी उचलली. कूलर परत मिळण्याचा रस्ता त्याच खाटेवरून जातो, हे त्यांना उमगलं होतं.

त्या रात्री लाइन गेली ती गेलीच. सकाळी वंदनाने दार उघडलं तेव्हा फ्रिज गुरगुरत होता. आठवडाभर तो तसाच गुरगुरला, आणि सावनेरची गाडी आलीच नाही.

मनकर्णाबाई मात्र सुनेशी बोलेनात. ताट आपटून वाढायच्या. लसीच्या दिवशी वंदना पार्वतीबाईंच्या नातीला सुई टोचत होती. बाहेर गल्लीतली नवी सून मिनल कुरडयांच्या चिकाचं पातेलं घेऊन लोखंडी जिना चढायला लागली, तोच अंगणातून मनकर्णाबाईंचा आवाज कडाडला,

"वर नको वं, पोरी! खाली ये. त्या काचेवर फ्रिजचं वाळवण हाय."