नाना खातील असं चीज

कॉलेज रोडवरच्या त्या दुकानात चीजच्या काउंटरपुढे स्नेहल इतका वेळ उभी होती, की मागच्या बाईंनी दोनदा घसा खाकरला. स्नेहलच्या कानापर्यंत ते पोचलंच नाही. काउंटरवरची मुलगी टूथपिकला टोचून एकेक तुकडा पुढे करत होती आणि ही प्रत्येक तुकडा तोंडात टाकून डोळे मिटत होती. बघणाऱ्याला वाटावं, बाईंना चीजमधलं फार कळतं. कळतंय कसलं! नवरा वाइनरीत नोकरीला, म्हणून चार नावं तोंडपाठ झालेली, एवढंच. डोळे मिटून ती आपल्या बापाच्या जिभेने चव घेत होती.

"हे नको," ती म्हणाली. "याला वास आहे. नाना म्हणतील, नासलंय."

"अगं, एक गौडा घे, एक ब्री घे, थोडं ब्लू घे आणि चल," रविराज हातातली टोपली या हातातून त्या हातात घेत म्हणाला. "माझी माणसं येणार आहेत, त्यांना हेच लागतं."

"तुझ्या माणसांचं तू घे. मी नानांचं बघतेय."

"नाना खाणार आहेत का पण?"

बोलून गेला आणि त्याची त्यालाच चूक कळली. स्नेहलने नुसतं पुढच्या तुकड्याकडे बोट दाखवलं.

पार्टी खरं तर रविराजची होती. गंगापूर धरणाकडच्या एका वाइनरीत तो इतकी वर्षं राबला, आणि आता पाहुण्यांना वाइन चाखवतात त्या सगळ्या विभागाचा प्रमुख झाला. बरोबरीच्या लोकांना बोलवायला हवंच होतं. पण पार्टी कुठे करायची, काय वाढायचं, हे सगळं बायकोने ठरवलं, आणि ते तिने सिन्नरजवळच्या खेड्यातल्या आपल्या बापाकडे बघून ठरवलं.

तिच्या माहेरी रीत होती, की लेकीला मूलबाळ होत नाही तोवर आईबापाने तिच्या घरचं खायचं नाही. पाणीसुद्धा प्यायचं नाही. लेक माहेरी आली आणि तिथे तिने स्वयंपाक केला तर चालतो, अडतं ते तिच्या सासरच्या उंबऱ्याआत. असं का, म्हणून विचारावं तर म्हातारी माणसं "पहिल्यापासून हाय" एवढंच सांगतात. तशी ती कुणाला जडही जात नाही. वर्ष-दोन वर्षांत पाळणा हलतो, आजोबा लेकीच्या घरी नातू मांडीवर घेऊन श्रीखंड-पुरी हाणतात, आणि रीत आपोआप सुटते. स्नेहलच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती.

या चौदा वर्षांत कारभारीनाना लेकीकडे आले नाहीत असं नाही. उलट फार यायचे. सकाळच्या एसटीने यायचे, पिशवीत कांदे, मेथी, गवार, जे शेतात असेल ते. त्याच पिशवीत फडक्यात बांधलेली भाकरी आणि बाटलीत गावचं पाणी. दुपारी बाल्कनीत बसून ते आपली भाकरी खायचे आणि लेक आत आपल्या ताटावर बसायची. मध्ये सरकतं काचेचं दार. सुरुवातीला स्नेहलला हसू यायचं, मग राग यायला लागला, आणि आई गेल्यापासून ते दृश्य तिला बघवेना.

आईचं तिला फार लागलं होतं. लंकाबाईंचे उपचार नाशिकला चालले होते, तेव्हा त्या महिनाभर लेकीकडेच राहिल्या. महिनाभर खालच्या खानावळीतून डबा यायचा. स्नेहल मऊ भात करायची, मुगाची खिचडी करायची, वाटी घेऊन उशाशी बसायची, आणि लंकाबाई तोंड भिंतीकडे करायच्या. "त्या खानावळीवाल्याला सांग, भात जरा मऊ शिजव म्हणावं." लेकीच्या घरात लेकीसमोर परक्याच्या हातचा टणक भात चिवडत ती बाई शेवटाला लागली. स्नेहल तेव्हा ओट्याशी उभी राहून रडली होती, आणि त्या रडण्यात दुःखाइतकाच संतापही होता. अशी कसली ही रीत, जी मरणाऱ्या माणसालाही सोडत नाही?

म्हणून तिने डोकं लढवलं. पार्टी घरात नको, वर गच्चीवर. गच्ची सोसायटीची, सगळ्यांची, ती काही स्नेहलचं घर नव्हे. आणि घरात शिजलेलं काहीच नको. चीज, बिस्किटं, फळं, सगळं दुकानातून थेट गच्चीवर. पार्टीसाठी तिच्या घरचा गॅससुद्धा पेटणार नाही. मग नाना कोणत्या तोंडाने नाही म्हणतील?

"तू वकील व्हायला पाहिजे होतीस," रविराज म्हणाला होता. तो हसला, आणि गच्चीसाठी सोसायटीकडे परवानगीही त्यानेच मागितली.

शेवटी तिला हवं ते मिळालं. गाईच्या दुधाचं, ताजं, पांढरंशुभ्र, टांगून ठेवलेल्या चक्क्यासारखं, किंचित खारट. हे नाना खातील. नानांनी जन्मभर गाई सांभाळल्या, दुधाचं काहीही त्यांना परकं नाही. मग बिस्किटांच्या फळीपाशी तिने पुन्हा तेवढाच वेळ काढला. मैद्याची खारी बिस्किटं रविराजच्या लोकांना. नानांसाठी तिने बाजरीची, तीळ लावलेली पातळ क्रॅकर शोधून काढली. दिसायला थेट भोगीची भाकरी, फक्त छोटी. पाकीट तिने टोपलीत टाकलं नाही, हातातच धरून ठेवलं.

एक गोष्ट तिने नानांना सांगितली नव्हती. मागच्या दिवाळीच्या आधी डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, की आता पुरे. शरीराचे किती हाल करून घ्याल? यापुढे मूल होईल असं मला वाटत नाही. त्या दिवसापासून घरात त्या विषयावर शब्द निघाला नव्हता. नानांनीही कधी विचारलं नाही. ते यायचे, बाल्कनीत बसायचे आणि भाकरीचं फडकं सोडायचे.

रविवारी नाना दुपारीच आले. धुतलेली टोपी, अंगात स्वेटर, पायांत ठेवणीतल्या वहाणा. उन्हं उतरायला लागली तशी माणसं गच्चीवर जमली. पांडवलेण्याच्या डोंगराकडून गार वारा येत होता. रविराजने सासऱ्यांना मानाने मधल्या खुर्चीवर बसवलं, सगळ्यांशी ओळख करून दिली. नानांनी टेबलावर चीज मांडलेल्या लाकडी फळ्यांवर नजर फिरवली आणि निळ्या रेघांच्या चीजपाशी ती अडकली.

"ह्याला बुरशी लागली गं," ते स्नेहलला हळूच म्हणाले. "पाव्हण्यांपुढं कशी ठेवू राह्यली?"

शेजारच्या माणसाने ऐकलं आणि ती बुरशी मुद्दाम धरवतात, तीच त्याची चव, हे त्यांना समजावून सांगितलं. नानांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "आसंल," ते म्हणाले. "बरं हाय, आमच्याकडं फुकट धरती." माणसं खळखळून हसली. नाना खुशीत आहेत असं बघून स्नेहलने मनाचा हिय्या केला.

तिने ताटली भरली. बाजरीची क्रॅकर, तिच्यावर त्या पांढऱ्या चीजचा जाडसर थर, वर चिमूटभर लसणाची चटणी, तीही विकतची. नाना तेव्हा एकटेच कठड्यापाशी जाऊन उभे होते. ती जवळ गेली.

"नाना, हे घ्या. यात माझ्या घरचं काही नाही. सगळं दुकानातून आणलंय, इथेच पाकीट फोडलंय. आणि गच्ची सोसायटीची आहे."

नानांनी ताटलीकडे बघितलं, मग तिच्याकडे. सगळा बेत त्यांच्या लक्षात आला. पार्टी गच्चीवर का, चुलीला हात का लावला नाही, ही भाकरीसारखी चकती कशासाठी, सगळं. त्यांनी ताटली हातात घेतली आणि कठड्यावर ठेवली.

"लय डोकं चालवलं गं माय," ते म्हणाले. "पण जिना चढून वर आणलं म्हणून लेकीचं अन्न दुसऱ्याचं व्हतं का? राहू दे. नातू मांडीवर आला का खाईन. मंग बघ, तू वाढता वाढता दमशील."

हे वाक्य तिने चौदा वर्षांत कितीदा ऐकलं होतं. आज ते तिच्याने सोसवलं नाही.

"तो येणार नाही, नाना."

"असं बोलू नाय."

"नाही येणार. डॉक्टरांनी सांगितलं, आता बंद करा. सगळी औषधं बंद केली. दिवाळीच्या आधीच."

मागे कुणीतरी मोठ्याने हसलं. नाना डोंगराकडे बघत राहिले.

"तुझ्या आईला माहीत व्हतं?"

"नाही. आई होती तेव्हा आमचे उपचार चालू होते."

"बरं झालं," नाना म्हणाले. "आशेवर गेली."

मग त्यांनी कठड्यावरची ताटली उचलली. स्नेहलला क्षणभर वाटलं, खातात! पण नाना जिन्याकडे वळले.

"नाना, कुठे निघालात?"

"खाली. चल, दार उघड."

"अहो, इथेच खा ना."

"इथं कशाला? चोरी केली का आपण? खायचं तर लेकीच्या घरात बसून खाईन."

ती पुढे आणि ते मागे, असे दोघं जिना उतरले. नानांनी बेसिनवर हात धुतले, स्वयंपाकघरात भिंतीला टेकून जमिनीवर मांडी घातली, ताटली पुढ्यात ठेवली. "पाणी दे," म्हणाले. तिने पेला भरून दिला. त्या घराचं पाणी त्यांनी ओंजळीत घेतलं, ताटलीभोवती फिरवलं, हात जोडले आणि पहिला घास तोंडात घातला. क्रॅकर कुडकुड मोडली.

"भाकर शिळी हाय जरा," ते म्हणाले. "लोणी मातर झ्याक हाय."

स्नेहल ओट्याला धरून उभी होती. या घासाची तिने किती वाट बघितली होती! नाना जेवतील त्या दिवशी पुरण घालायचं, भावाला फोन करायचा, फोटो काढायचा, सगळं मनात ठरलेलं. आता ते समोर बसून खात होते, आणि तिला वाटत होतं, जाऊन त्यांच्या हातातला घास काढून घ्यावा. तिला आत्ता कुठे कळलं. ज्याला ती हट्ट समजत आली, जुनाट रीत म्हणून जिच्यावर चिडत आली, ते काही निराळंच होतं. सासरचे, माहेरचे, शेजारपाजारचे, सगळ्यांनी केव्हाच आशा सोडली होती. तिने सोडली, रविराजने सोडली. हा एकटा माणूस दर खेपेला फडक्यात भाकरी बांधून येत होता आणि तिच्यासाठी ती आशा धरून ठेवत होता. तिनेच आज ती सोडायला लावली.

"नाना, नका खाऊ," ती म्हणाली. "थांबा ना अजून. नका खाऊ."

नानांचा हात थांबला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

"कशापायी थांबू, बाई? तुझी आई थांबली. शेवटाला मला म्हणली, समदं झालं, लेकीच्या घरी एकदा जेवायचं तेवढं राह्यलं. आता मीबी तसंच जायाचं का?" त्यांनी पाण्याचा घोट घेतला, अडकलेला घास खाली उतरवला. "सकाळचं काय हाय का घरात? याने काय पोट भरत नाय. वाढ."

तिने सकाळच्या पोळ्यांचा डबा काढला. बटाट्याची भाजी तशीच गार होती. ती गरम करायला निघाली तर नाना म्हणाले, राहू दे. मग तिने ताट मांडलं, भाजी वाढली, पोळी वाढली, आणि त्यांच्या समोर जमिनीवर बसली.

तेवढ्यात रविराज तिला शोधत खाली आला. "स्नेहल, अगं वर सगळे विचारताहेत..." म्हणत तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला आणि तिथेच खिळला. सासऱ्यांच्या पुढ्यात आपल्या घरचं ताट त्याने कधी बघितलं नव्हतं. स्नेहलने वर बघितलं.

नानांनी मान वर केली. "या जावईबापू," ते म्हणाले. "तुमच्या घरी जेवू राह्यलो आज."

रविराज दारातच खाली बसला. बाप होणार नाही हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तो रडला नव्हता. बायकोला सावरायचं म्हणून त्याने तेव्हा सगळं आत दाबलं होतं. आता तो गुडघ्यांत डोकं घालून लहान पोरासारखा रडायला लागला. नानांनी उजव्या हाताचं उष्टं सांभाळत डावा हात त्याच्या पाठीवर ठेवला, आणि लेकीला म्हणाले, "आणखी एक पोळी वाढ."

स्नेहलने वाढली.