दुफीच्या विती

टाचणी लावता लावता बाफूर शिंप्याचा हात नवरीच्या कमरेपाशी थांबला.

पांढऱ्या सॅटिनच्या झग्यावर पुढच्या बाजूने केंटेच्या, म्हणजे हातमागावर विणलेल्या रंगीत नक्षीच्या कापडाच्या, दोन पट्ट्या खांद्यापासून थेट पायघोळ काठापर्यंत उतरायच्या होत्या. दर वितीला एक पिवळा चौकोन, आणि तिसरा बरोबर कमरेवर. त्याच्या बायकोने, दुफीने, वहीत तसंच काढून ठेवलं होतं. पण तिसरा चौकोन कमरेच्या तीन बोटं वरच राहिला होता आणि पट्टी पोटरीवर संपत होती.

त्याने दुसरी पट्टी लावून पाहिली. तीच गत.

"काका, श्वास घेऊ का?" झगा अंगात घालून उभी असलेली आफ्राकोमा म्हणाली. "की उद्या नवऱ्यासमोरच घेऊ?"

"घे. पण हलू नकोस, टाचण्या आहेत."

तिची आई बिरागो, म्हणजे दुफीची थोरली बहीण, खुर्चीतून उठली. "काय झालं?"

"काही नाही, ताई."

"तुझं 'काही नाही' मला चांगलं माहीत आहे, बाफूर."

त्याने विणकरांच्या बोनविरे गावी फोन लावला. म्हातारा असिएदू तीस वर्षं दुफीसाठी विणत होता.

"दादा, पट्ट्या किती वितींच्या केल्यात?"

"आठ. दुफी सांगून गेली होती तशा आठ."

"कुणाच्या विती?"

"माझ्या," म्हातारा म्हणाला. "तिचा हात मी कुठून आणू?"

दुफी कधी टेप वापरत नसे. नवरीचं माप हाताने घ्यायची, मग बोनविरेला जाऊन मागापाशी बसायची आणि विणकराला आपल्या वितीने मोजून द्यायची. या वेळी वहीत आकडा लिहिला आणि ती गेली. आठ महिने झाले. संधिवाताने म्हाताऱ्याची बोटं आत वळली होती. वितीमागे एक बोट कमी पडलं होतं. काल पट्ट्या आणताना ती बोटं बाफूरने पाहिली होती, पण त्याच्या डोक्यात काही आलं नाही.

"दोनच पट्ट्या हव्यात. आज होतील?"

"आज शुक्रवार आहे."

"ठाऊक आहे."

"मग विचारतोस कशाला? माझ्या बापाने शुक्रवारी नवीन कापड मागावर घेतलं नाही. या वयात मला पाप करायला लावतोस?"

बिरागोने सगळं ऐकलं होतं. "खाली तुकडा जोड. काठाकडे कोण वाकून बघतंय?"

"चौकोन कमरेवर येत नाही."

"ओढून बसव."

"ओढला तर चुण्या पडतात. नवरी बांधून ठेवल्यासारखी दिसेल."

"मग ऐक. चर्चजवळचं दुकान दोन वाजता बंद होतं. तिथे लेसचा झगा भाड्याने मिळतो. दीड वाजता मी उठणार."

"मला नकोय तो," आफ्राकोमा म्हणाली. "माझं माप धाकट्या आईने, दुफीमावशीने घेतलंय."

"घेतलं खरं, पण ती गेली ना! आता मी काय करू?"

बाफूरने वहीचं पान मिटलं. दुफीने काढलेला हा शेवटचा झगा. तो आज झाला नाही तर कधीच होणार नव्हता. आणि तो कसा होईल, हे त्याला फोन ठेवला तेव्हाच कळलं होतं.

मशीनच्या खालच्या खणात, बॉबिनच्या डब्यामागे, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं दुफीचं लग्नातलं केंटे होतं. नक्षी हीच, माग तोच, आणि वीत तिची स्वतःची. अंत्यविधीनंतर तिच्या माहेरच्या घराण्याची माणसं रीतीप्रमाणे तिची कापडं न्यायला आली. नवऱ्याचा त्यावर हक्क नसतो. पूर्वजांना साक्षी ठेवून दारू वाहून झाली आणि बिरागोने सगळ्यांदेखत विचारलं होतं, "आणखी काही राहिलंय?" तो म्हणाला होता, "नाही."

आता घड्याळात एक वाजून पाच मिनिटं झाली होती.

त्याने खण ओढला. पुडकं टेबलावर ठेवून उघडलं.

बिरागो जवळ आली. बराच वेळ तिने कापडाला हात लावला नाही.

"हे दुफीचं आहे."

"हो."

"मी विचारलं होतं. सगळ्यांसमोर."

"हो, ताई. खोटं बोललो."

"दारू वाहिल्यावर!"

"वाहिल्यावरच."

"आई, आधी झगा होऊ दे," आफ्राकोमा म्हणाली.

"तू गप्प उभी राहा. टाचण्या आहेत."

बाफूरने पातं घेतलं आणि कडेची शिवण उसवायला लागला. सव्वीस वर्षांपूर्वी या पट्ट्या त्यानेच एकमेकींना जोडल्या होत्या, अगदी बारीक टाक्यांनी. कधी उसवायची वेळ येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. टाका सोडून पातं विणीत गेलं तर पट्टी फुकट. एकदा पातं निसटलं आणि पिवळ्या चौकोनाला घासून गेलं.

बिरागोने कापड खेचून घेतलं. आता ती ते घेऊन चालती होणार, असं त्याला वाटलं. ती खुर्चीत बसली, कापड गुडघ्यांवर ताणून धरलं.

"उसव," ती म्हणाली. "आणि डोळे पूस आधी. दिसत नाही तुला."

दोन पट्ट्या सुटायला अर्धा तास लागला. त्याने पहिली खांद्यावर टाचली आणि सोडली. तिसरा चौकोन कमरेवर येऊन बसला. खालचं टोक काठाला टेकलं. दुसरीही तशीच.

बिरागोने वाकून पट्टीवर आपली वीत ठेवली. पुरली नाही.

"हात मोठाच होता तिचा," ती म्हणाली. "लहानपणी मला मारायची तेव्हाच कळलं होतं."

दीड वाजून गेला होता. दुकानाचं नाव कुणी काढलं नाही. तिने उरलेल्या कापडाची घडी घालून ते आपल्या पिशवीत ठेवलं. त्याने अडवलं नाही.

"रविवारी घराण्याच्या मोठ्यांसमोर येऊन सांगायचं. मी लपवणार नाही."

"येतो."

त्याने सुईत दोरा ओवला आणि खांद्यापासून सुरुवात केली.

"एवढे मोठे टाके?" बिरागो म्हणाली. "बारीक घाल. पोरीला उद्या नाचायचंय."

"टिकतील उद्यापुरते. लग्न झालं की पट्ट्या उसवून तुमच्या कापडाला परत जोडायच्या आहेत."

बिरागोने पट्टीचं खालचं टोक सरळ केलं.

"परत जोडायच्या की नाही, ते रविवारी बघू," ती म्हणाली, आणि पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली.