हाताची खुर्ची

“थांबीव, थांबीव ती क्यासेट!”

आकाराम ओरडला तेव्हा टीव्हीवर त्याच्याच थोरल्या लेकीचा साखरपुडा चालला होता. क्यामेरेवाल्यानं मागून चित्र घेतलं होतं. पावण्यांच्या पाठी ओळीनं दिसत होत्या आणि प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलं होतं : सि. बा. हत्तरगी.

“साखरपुडा माझ्या पोरीचा, का हत्तरग्याच्या?”

“खुर्च्या त्यांच्या,” त्याची बायको चिमणाबाई शेंगा सोलत म्हणाली. “मग नाव काय तुमचं आसंल?”

शेजारच्या सिद्धलिंग हत्तरगीनं वास्तुशांतीला दोन डझन प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. बिनहाताच्या, स्वस्तातल्या. एकीत एक घातल्या की कोपऱ्यात मावायच्या. तेव्हापासून गल्लीतलं बारसं, सत्यनारायण, तालमीची मीटिंग, काही म्हणजे काही त्या खुर्च्यांवाचून पार पडेना. बरं, माणूस भाडंही घेत नसे. आकारामचं खरं दुखणं तेच होतं. भाडं घेणाऱ्याला नावं ठेवता येतात; फुकट देणाऱ्याला काय ठेवणार?

गुळाच्या अडतीत कारकुनी करून आकाराम घरी यायचा आणि संध्याकाळी जिथं जाईल तिथं हत्तरगीच्या नावाला पाठ टेकून बसायचा.

“आपल्या घरच्या खुर्च्या घ्यायच्या,” त्यानं जाहीर केलं.

“घ्या. पर अशा घ्या, की वर चढून माळ्यावरचं डबं काढता येतील, उन्हात मांडून पापड वाळतील, अन् काम झाल्यावर पलंगाखाली सरकतील.”

आकारामनं लक्ष्मीपुरीच्या बाजारातून सहा आणल्या. यातलं एकही काम त्यांच्याकडून होत नव्हतं. पण त्यांना हात होते. हत्तरगीच्या खुर्च्यांना नव्हते. तोहिद पेंटरकडून त्यानं हत्तरगीपेक्षा दुप्पट मोठ्या अक्षरांत नाव घालून घेतलं आणि कुणी मागायला येतंय का, म्हणून दारात उभा राहिला.

कुणी आलं नाही. “हाताच्या लई जागा खात्यात,” गल्ली म्हणाली. बायकांना तर मांडीवर पोर घेऊन त्यात बसताच येईना.

मग त्याची एवढीच इच्छा उरली, की एकदा तरी सिद्धलिंगनं आपल्या खुर्चीत बसावं. तो दारावरनं निघाला, की आकाराम हाक मारायचा, “अण्णा, बसा की जरा.”

“बसतो की, आकारामराव. पर आज घाई हाय, दुकान उघडायचंय.” आणि उंबऱ्यातूनच हसून, चपला वाजवत सिद्धलिंग जायचा. रोज. आकारामला वाटे, मुद्दामच बसत नाही लेकाचा.

दोन हजार तीनच्या श्रावणात एका सकाळी सिद्धलिंगचा पोरगा शिवकुमार दारात आला. डोळे सुजलेले.

“काका, अप्पा गेले पहाटे.”

आकाराम उंबऱ्याबाहेर आला.

“आमच्या लिंगायतांत मयताला बसवून न्हेत्यात. पर घरच्या खुर्चीत अप्पा एका अंगाला कलत्यात. हाताची खुर्ची गल्लीत तुमच्याकडंच हाय.”

आकारामनं सहांतली सगळ्यात धड निवडली. धोतराच्या सोग्यानं पुसली, पुन्हा पुसली, आणि शिवकुमारच्या हाती न देता स्वतः उचलून नेली.

तासाभरानं तो दर्शनाला गेला, तेव्हा अंगणात गल्ली बसली होती, अर्थात हत्तरगीच्याच खुर्च्यांवर. आत सोप्यात सिद्धलिंग बसला होता. कपाळभर विभूती, गळ्यात माळा, दोन्ही बाजूंनी हातांचा आधार. खुर्ची जशी काय मापानंच करून घेतलेली. गल्ली एकेक करून येत होती आणि पायावर डोकं ठेवत होती. माझ्या खुर्चीत बसून! आकाराम वाकून खुर्चीच्या पाठीकडं डोकावू लागला.

“काका, तुमचं नाव भिंतीकडं गेलंय,” शिवकुमार हळू आवाजात म्हणाला. “तेवढं ध्यानातच न्हाय आलं.”

“ऱ्हाऊ दे,” आकाराम म्हणाला.

एक माळ खुर्चीच्या हातावरून घसरली होती. ती त्यानं सारखी केली. मग वाकला आणि सिद्धलिंगच्या कानाशी जाऊन पुटपुटला,

“बसा अण्णा, निवांत. आज काय घाई न्हाय.”